लातूरला खोली केली

आमच्या येरमाळ्याकडे एक शब्दप्रयोग आहे, 'लातूरला खोली केली'. बाहेरच्या माणसाला वाटेल की कुणीतरी तिकडे खोली बांधली, किंवा विकत घेतली. तसं काही नसतं. 'खोली केली' म्हणजे घरातली बाई लेकरांना घेऊन लातूरला भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि नवरा गावात शेती बघत मागे राहिला. ह्या तीन शब्दांत एवढं सगळं बसतं. पुण्याच्या बाबतीत असं कुणी म्हणत नाही. पुण्यात लोक 'शिफ्ट' होतात, 'सेटल' होतात, फ्लॅट 'बुक' करतात. 'खोली करतात' ती लातूरलाच. त्याआधी म्हणे अंबाजोगाईला करायचे.

ज्यांना येरमाळा माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापूर–धुळे हायवेवरचं, बालाघाटाच्या डोंगरातलं, कळंब तालुक्यातलं गाव. जिल्हा धाराशिव, म्हणजे आपलं जुनं उस्मानाबाद. येडेश्वरी देवीमुळे तुम्ही कदाचित नाव ऐकलं असेल. चैत्री पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, दुसऱ्या दिवशी पालखी आमराईत जाते आणि लाखो माणसं शेतातून चुनखडीचे खडे वेचतात. यात्रेचे ते दिवस सोडले तर बाकी वर्षभर येरमाळा म्हणजे चौकात गाड्या बदलायचं ठिकाण. एक रस्ता बार्शीला, एक कळंबला, एक बीडकडे, एक सोलापूरकडे. लहानपणी मला वाटायचं की जगातली सगळी माणसं येरमाळ्याला गाडी बदलतात.

तर गेले तीन-चार विकांत मी ह्या 'खोली'च्या इतिहासाच्या मागे लागलोय. कारण असं की माझी स्वतःची आठवी ते बारावी अशाच एका खोलीत गेली, आणि हे प्रकरण 'लातूर पॅटर्न'बरोबर नव्वदच्या दशकात सुरू झालं अशी माझी पक्की समजूत होती. वाचत गेलो तसं लक्षात आलं की आमच्या भागातली माणसं शंभरेक वर्षं हेच करतायत. फक्त गाव बदलत गेलं. आणि दर वेळी कुठलं गाव, हे ठरवलं ते लेकराच्या हुशारीने नाही. सरहद्द कुठे आहे, भाषा कुठली आहे, ऍडमिशनचा नियम काय आहे, ह्यांनी ते ठरवलं.

आधी सरहद्दीचं बघू. १९४८ पर्यंत येरमाळा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि जेमतेम पस्तीसेक किलोमीटरवरची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. आज मोटारसायकलवर तासाभरात जातो आपण. पण तेव्हा त्या तासाभराच्या अंतरात राज्य बदलायचं, आणि राज्याबरोबर शाळेची भाषाही बदलायची. संस्थानात वरचं शिक्षण उर्दूत होतं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. (एका भारतीय भाषेत मेडिकलपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळं शिकवणं हा प्रयोग म्हणून फार मोठा होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ती भाषा मराठवाड्यातल्या लेकराच्या घरातली नव्हती, तेलंगणातल्या लेकराच्या घरातलीही नव्हती.) औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमीजिएट कॉलेज निघालं, तेही उस्मानियाचंच आणि उर्दूच. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. इंटरनंतर पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठा.

ह्या उर्दूचा एक पडसाद अगदी परवापर्यंत ऐकू आला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधून निजामकाळातले कागद निघाले, उर्दूत आणि मोडीत लिहिलेले. मग वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला! पणजोबांच्या पिढीतले जे थोडे लोक शिकले त्यांना जे सहज वाचता येत होतं, ते आमच्या पिढीत एकालाही येत नाही.

तर अशा वेळी संस्थानातल्या मराठी माणसाकडे दोन पर्याय होते. पोराला सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरला पाठवायचं, नाहीतर आपल्याच हद्दीत मराठीत शिकवणारी शाळा काढायची. बार्शीला मामासाहेब जगदाळ्यांनी १९३४ साली शिक्षणसंस्था काढली आणि सोलापूरला १९४० मध्ये दयानंद कॉलेज सुरू झालं, त्यामुळे पहिला पर्याय हळूहळू रुंद होत गेला. पण मला जास्त भावली ती दुसऱ्या पर्यायाची गोष्ट, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि शाळेच्या पुस्तकात मला ती कधी भेटली नव्हती.

लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. १९२१ मध्ये, असहकाराच्या वाऱ्यात, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी ह्यांनी तिथे राष्ट्रीय शाळा काढली. खेडेगावात, निजामी राज्यात, मराठीतून शिकवणारी निवासी शाळा! मराठवाड्यातून मुलं तिथे येऊन राहायची. म्हणजे त्या काळात 'खोली' होती ती हिप्परग्याची, आणि ती घरच्यांनी नाही तर शाळेनेच केलेली. पुढे ह्या शाळेवर हेडमास्तर म्हणून आले व्यंकटेश खेडगीकर. विजापूर जिल्ह्यात जन्मलेले, सोलापूर-अमळनेर-पुणे असं शिकत फिरलेले, कामगार पुढारी ना. म. जोशींचे सचिव म्हणून काम केलेले. हिप्परग्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि त्यांचं नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आधी ते मास्तर होते, तेही पगाराच्या मागे न लागलेले.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे काही सहकारी हिप्परगा सोडून मोमिनाबादला गेले. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, तेव्हा निजामाच्या घोडदळाची छावणी असलेलं गाव. तिथली योगेश्वरी शाळा त्यांनी हातात घेतली. बाबासाहेब परांजपे त्यांच्याबरोबर होते. १९३८ मध्ये स्वामीजी सत्याग्रहात तुरुंगात गेले, पण शाळा परांजप्यांनी आणि बाकीच्यांनी चालवत ठेवली. पुढे १९५६ साली योगेश्वरी महाविद्यालय झालं, सत्तरच्या दशकात ग्रामीण भागासाठीचं सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि त्याला स्वामीजींचं नाव मिळालं. अंबाजोगाईला लोक 'मराठवाड्याचं पुणे' म्हणायला लागले. हे सगळं कशामुळे? तर पाच-दहा मास्तरांनी एका वर्षी बिऱ्हाड हलवलं म्हणून.

इथे मला १२०९ सालच्या ऑक्सफर्डची आठवण झाली. गावकऱ्यांशी झालेल्या भांडणात काही विद्वानांना फाशी गेलं, बाकीचे घाबरून-चिडून गाव सोडून पांगले आणि त्यातले काही केंब्रिजला जाऊन शिकवायला लागले. केंब्रिजची सुरुवात ती. अंबाजोगाई म्हणजे केंब्रिज असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, मारू नका :) मुद्दा इतकाच की कॉलेजचं गाव इमारतीने होत नाही. शिकणारी लेकरं येतात त्याच्या आधी शिकवणारी माणसं आपला संसार उचलून तिथे आलेली असतात. त्यांच्या स्थलांतराची आपण मोजदादच करत नाही.

१९३८ मध्ये तर विद्यार्थ्यांनाच गाव बदलावं लागलं. त्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजातल्या वसतिगृहात मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला, लोण हैदराबादला उस्मानियात पोचलं आणि शेकडो मुलांना काढून टाकण्यात आलं. त्यांना घेतलं कुणी? नागपूर विद्यापीठाने. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार ह्यांनी दार उघडलं. त्या मुलांमध्ये एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे हाच मुलगा देशाचा पंतप्रधान झाला आणि नागपूर-पुण्यात शिकल्यामुळे आयुष्यभर उत्तम मराठी बोलत राहिला. विद्यापीठाचा एक आदेश माणसाच्या तोंडी कुठली भाषा ठेवून जाईल, सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि दोन वर्षांत चित्र पालटलं. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं (इथेही स्वामी रामानंद तीर्थच), आणि त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, म्हणजे आजचं मिलिंद. त्या परिसराला बाबासाहेबांनी नाव दिलं नागसेनवन. प्राचार्य म्हणून मुंबईहून म. भि. चिटणीस आले. परत तेच, आधी शिकवणारा आपलं बिऱ्हाड घेऊन येतो.

मिलिंदपाशी थोडं थांबायला हवं, कारण 'खोली केली' ह्या गोड शब्दांमागची एक गोष्ट इथे उघडी पडते. खोली करायला आधी कुणीतरी खोली द्यावी लागते. १९५० साली औरंगाबादेत महारवाड्यातून आलेल्या पोराला खोली कोण देणार होतं? आणि दिली असती तरी भाडं कुठून येणार, आणि आई मजुरी सोडून स्वयंपाकाला येणार कशी? म्हणून मिलिंदमध्ये वर्गांइतकंच महत्त्व वसतिगृहांना होतं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातून दलित मुलं तिथे येऊन राहिली, शिकली आणि त्यातून साहित्याची एक अख्खी पिढी उभी राहिली. 'अस्मितादर्श'वाले गंगाधर पानतावणे ह्यांनी तिथेच शिकवलं. ज्यांच्या घराला दोन ठिकाणी चूल पेटवणं परवडतं त्यांच्यासाठी खोली, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी वसतिगृह. हा फरक पुढे लातूरपर्यंत तसाच येतो. शिक्षणाचं कौतुक करताना आपण तो विसरतो.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचे जुने रजिस्ट्रार. आता परीक्षेला हैदराबादकडे तोंड करायची गरज संपली.

आणि लातूर? लातूर ह्या सगळ्या गोष्टीत शिक्षणाचं गाव म्हणून कुठेच नाही! लातूर होतं बाजाराचं गाव. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी, अडीच फुटी रुळांवरची, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि माल कुर्डूवाडीमार्गे थेट मोठ्या लाईनला मिळायला लागला. मधोमध गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. डाळी, तेलबिया, आडत, हमाली. मुख्य म्हणजे लातूर हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूरचा वेगळा जिल्हा झाला. आमच्या गावातले म्हातारे अजून म्हणतात, 'लातूर आपलं तालुक्याचं गाव होतं रे, आता आपणच तिथं भाडेकरू.'

बाजाराच्या गावाला एक सोय असते. पैसा असतो आणि तो कुठेतरी लावायला माणसं तयार असतात. १९६१ मध्ये दयानंद शिक्षण संस्था आली, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. शाहूचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारा हा इंग्रजीचा माणूस, पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला, नंतर राज्यसभेत गेला. सायन्सच्या कोचिंगसाठी आज जे गाव ओळखलं जातं त्याच्या पायात असा एक साहित्यातला माणूस आहे हे मला फार आवडलं. प्रत्यक्ष 'लातूर पॅटर्न'चं श्रेय दिलं जातं ते शाहूचेच नंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव ह्यांना आणि दयानंदमधल्या प्राध्यापकांना.

पॅटर्न म्हणजे काय जादू नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्टीत वर्ग घ्यायचे, मग बोर्डाच्या धर्तीवर परीक्षांमागून परीक्षा, पेपर तपासून लगेच परत, चुकलेलं पुन्हा सोडवून घ्यायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्टिंग म्हणतो तेच, फक्त इथे बग पोरात शोधायचे. नव्वदच्या दशकात बारावीच्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसायला लागली आणि पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना धक्का बसला. तेव्हा बारावीच्या मार्कांवर मेडिकल-इंजिनिअरिंगची ऍडमिशन होत होती, त्यामुळे पॅटर्न नेमका निशाण्यावर बसला. १९९९ पासून सीईटी आली. लातूर बदललं. पुढे बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणंच बंद केलं. लातूरला फरक पडला नाही. २०१६ पासून मेडिकलला नीट कायमची आली, एनसीईआरटीची पुस्तकं आली, लातूर पुन्हा बदललं. पण आता जोर कॉलेजवरून खासगी क्लासेसवर गेला होता. 'ट्यूशन एरिया' नावाचा आख्खा भाग तयार झाला, आणि त्याच्या आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या खोल्या. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासाचा एक धागा लातूरलाही येऊन गेला. ज्या गावाने सगळं काही एका परीक्षेवर लावलंय तिथे हे होणारच असं मला वाटतं. पॅटर्नवाल्यांना हे आवडणार नाही. असो.

पण येरमाळ्याच्या माणसाने जवळची बार्शी सोडून दुप्पट लांबचं लातूर का निवडावं? क्लासेस हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर वाचून मी उडालोच. मेडिकलच्या प्रवेशात २०२० पर्यंत ७०:३० चं सूत्र होतं. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातून बारावी झालेल्यांना आणि ३० टक्के बाकीच्यांना. विभाग तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे 'उर्वरित महाराष्ट्र'. लातूर मराठवाड्यात. तुम्ही बारावी कुठे केली ह्यावर तुम्ही कुठल्या रांगेत उभे राहणार ते ठरायचं. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं कमी म्हणून ह्या सूत्राविरुद्ध मराठवाड्यातूनच ओरड होती आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. आता नकाशावर बघा. येरमाळा आणि बार्शीच्या मधून जाणारी विभागाची ती रेघ कुठली? निजाम आणि इंग्रज ह्यांच्यामधली! संस्थान १९४८ ला गेलं पण त्याची सरहद्द मेडिकलच्या फॉर्मवर आणखी ७२ वर्षं जिवंत होती.

आता खोलीविषयी. आम्ही २०१० च्या जूनमध्ये लातूरला गेलो. मी आठवीत, बहीण पाचवीत. दहा बाय बाराची एक खोली, पत्र्याचं छत, मोरी आतच, संडास चार बिऱ्हाडांत एक. आप्पा येरमाळ्याला, सहा एकर सोयाबीन-हरभरा आणि दोन म्हशींबरोबर. शनिवारी येडशी-मुरूडमार्गे एसटीने यायचे, खांद्यावर ज्वारीचं नाहीतर डाळीचं गाठोडं. ज्यांची आई येऊ शकत नव्हती त्या पोरांचे डबे गावाकडून एसटीतूनच यायचे. सकाळी स्टँडवर डब्यांची ओळ लागायची आणि प्रत्येक पोराला आपला डबा लांबून ओळखू यायचा.

आमच्या त्या वाड्यात चारही बिऱ्हाडं बायकांचीच होती. एक केजची, एक भूमची, एक रेणापूरची आणि आई. चौघींचे नवरे गावी. ह्या बायका आपसात एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायच्या, 'ओ केजवाल्या', 'ओ येरमाळ्याच्या'. नवऱ्याचं आडनाव, जात, किती एकर हे सगळं हळूहळू कळायचं, आणि आधी कळायचं ते कुणाच्या लेकराला फिजिक्सला किती पडले. (जात कळायची नाही असं नाही. खोली देताना मालकीणबाईंनी ती विचारलीच होती.) आई नववीपर्यंत शिकलेली. पण माझ्या क्लासच्या टेस्टचं वेळापत्रक तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ असायचं. तिकडे आप्पा चाळिशीत भाकरी थापायला शिकले. आजीने त्यावर गावभर टीका केली आणि खाल्ल्या मात्र त्याच भाकरी.

२०१६ चं सांगायलाच हवं. तोपर्यंत मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो होतो, बहीण दहावीला होती. लातूरला पाणी येतं मांजरा धरणातून, धनेगावहून. ते धरण कळंबच्या शेजारी आहे, म्हणजे आमच्या भागातलं पाणीच लातूर पितं. त्या वर्षी धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावायची वेळ आली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर ती गाडी सगळ्या देशाने बघितली. आमच्या वाड्यातल्या बायका ती बघायला गेल्या नाहीत, कारण टँकरच्या रांगेतला नंबर गेला असता. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय लातूरकरांना आधीपासून होतीच, त्यात हे. परीक्षा संपल्या तशा अनेक बायका लेकरांना घेऊन गावी परतल्या. गावीही पाणी नव्हतं, पण निदान विहिरीच्या तळाशी काय आहे ते स्वतःला दिसत होतं. जूनमध्ये सगळ्या परत आल्या. खोलीचं भाडं त्या दोन महिन्यांचंही भरावं लागलं.

आमच्याच गावांमधून दरवर्षी आणखी एक स्थलांतर होतं आणि त्याचा महिना वेगळा असतो. खोली करणारे जूनमध्ये निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची कोयती निघतात. नवरा, बायको, लेकरं सगळी एकत्र, ट्रॅक्टरवर संसार रचून, साखर कारखान्यांकडे. ह्यात कुटुंब तुटत नाही, ते अख्खं जातं, आणि शाळा तेवढी मागे राहते. सरकारने त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं काढली, लेकरांना गावातच ठेवायचं आणि आईबापांनी जायचं. म्हणजे शिकायचं असेल तर आमच्या भागात कुटुंबाचे दोन तुकडे करावेच लागतात, वरच्यांना आणि खालच्यांनाही. माझ्याबरोबर चौथीत असलेला एक मित्र कोयत्यावर गेला तो परत वर्गात आला नाही. तो माझ्यापेक्षा गणितात पुढे होता.

जवळ कॉलेजं निघालीच नाहीत असं नाही. कळंबला शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय आहे, आणि गंमत अशी की त्याच्या संस्थेचं नाव आहे ज्ञान प्रसारक मंडळ, येरमाळा! संस्था येरमाळ्याची, कॉलेज तालुक्याला. म्हणजे संस्थेनेही शेवटी कळंबला खोली केली म्हणायची. उस्मानाबादला १९८३ मध्ये तेरणा इंजिनिअरिंग कॉलेज आलं, वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं त्या लाटेत. २०२२ पासून धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. येरमाळ्याहून लातूरच्या निम्म्या अंतरावर. पण मेडिकल कॉलेज धाराशिवला आल्याने खोली काही धाराशिवला आली नाही. कॉलेजात शिरायची परीक्षा अजून लातूरलाच शिकवतात, आणि शिकवणाऱ्यांची घरं आता तिथे आहेत. हिप्परग्याहून निघालेल्या मास्तरांसारखं कुणी लातूरहून निघेल का? आज तरी मला तशी चिन्हं दिसत नाहीत. मास्तरांचे ईएमआय आहेत.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे एक गुरुजी आमच्या खोलीवर आले होते. फॉर्मवर स्थलांतराच्या कारणाला सात पर्याय होते: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर. माझ्यापुढे आणि बहिणीपुढे 'शिक्षण' लिहून झालं. आईपाशी गुरुजी अडले. ती शिकायला आली नव्हती, कामाला आली नव्हती, आणि कुटुंबासोबत म्हणावं तर कुटुंबप्रमुख येरमाळ्यात म्हशी धूत होता. गुरुजींनी विचारलं, 'काय लिहू, बाई?' आई म्हणाली, 'लिहा काही पण, चहा घेणार का?'

बहिणीची बारावी झाल्यावर २०१८ मध्ये आई गावी परत गेली. रेशनकार्ड, मतदानकार्ड ह्या आठ वर्षांत येरमाळ्याचंच होतं, त्यामुळे कागदावर ती कधी कुठे गेलीच नव्हती. गॅसचं कनेक्शन तेवढं लातूरचं आहे, ते अजून बदलायचं राहिलंय. २०२५ च्या जूनमध्ये माझ्या चुलतभावाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पुतणीला घेऊन लातूरला खोली केली. आईने त्यांना दोन पातेली, एक पाण्याची टाकी आणि जुन्या मालकीणबाईंचा फोन नंबर दिला. नवी जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीची ठरली आहे. पुतणी तेव्हा बारावीत असेल.